पीएलसी आणि कॉम्प्युटर: इथरनेटची केबल लावल्यानंतर पुढे काय?

पॅनेलमधल्या पीएलसीला (प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर, म्हणजे यंत्र चालवणारा छोटा कॉम्प्युटर) इथरनेटची केबल लावली, पोर्टवरचा हिरवा दिवा लागला, लॅपटॉपवरून पिंग केलं (म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारलं) तर उत्तरही आलं. तरी स्क्रीनवर टाकीचं तापमान काही दिसत नाही. किंवा दिसतं, पण ५० अंशांच्या जागी १६,९६८ असा आकडा येतो. या कामात नवीन असणारा जवळजवळ प्रत्येक जण इथे अडकतो, कारण ‘जोडणी’ ही एकच गोष्ट आहे असं आपण धरून चालतो. खरं तर त्या चार गोष्टी आहेत: सिग्नल पोहोचणं, पत्ता सापडणं, दोघांनी एकच प्रोटोकॉल (बोलण्याची ठरलेली पद्धत) वापरणं आणि आलेल्या आकड्याचा दोन्हीकडे एकच अर्थ लागणं. पहिल्या तिन्हींत बिघाड असला तर कॉम्प्युटर काही ना काही एरर देतो. चौथीत असला तर तो अवाक्षरही काढत नाही, चुकीचा आकडा बिनदिक्कत दाखवत राहतो. म्हणून या लेखाचा मोठा भाग त्या चौथ्या गोष्टीसाठी आहे.

आधी पीएलसीबद्दल थोडं. १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांत रिलेंनी (विजेवर चालणाऱ्या स्विचांनी) भरलेली मोठमोठी कपाटं असत. गाडीचं मॉडेल बदललं की त्यांचं वायरिंग उसकटून पुन्हा करावं लागे. डिक मॉर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मोडिकॉन ०८४’ हा कंट्रोलर बनवला, तो या त्रासातून सुटका करण्यासाठीच. वायर तशाच ठेवायच्या आणि प्रोग्राम बदलायचा, ही त्यामागची कल्पना. आजचा पीएलसीही तेच करतो. इनपुट वाचतो, प्रोग्राम चालवतो, आउटपुट लिहितो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. या एका फेरीला स्कॅन म्हणतात आणि तो साधारणपणे काही मिलिसेकंदांत पुरा होतो. यंत्र चालवणं हे पीएलसीचं मुख्य काम; बाहेरच्या कॉम्प्युटरला उत्तर देणं हे त्यातून उरलेल्या वेळात करायचं काम. हा प्राधान्यक्रम डोक्यात पक्का असला की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

कॉम्प्युटर पीएलसीला दोन वेगळ्या कामांसाठी जोडला जातो. एक, प्रोग्राम टाकणं, बदलणं आणि चालू असताना पाहणं. त्यासाठी ज्या कंपनीचा पीएलसी तिचंच सॉफ्टवेअर लागतं. दुसरं, चालू यंत्राची माहिती वाचणं आणि थोडीफार लिहिणं: स्काडाच्या (कॉम्प्युटरवरून यंत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) पडद्यासाठी, डेटाबेससाठी, रोजच्या रिपोर्टसाठी. केबल तीच असली तरी या दोन कामांचे धोके सारखे नाहीत. पहिल्या कामाबाबत एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. पीएलसीच्या जगात ‘डाउनलोड’ म्हणजे कॉम्प्युटरमधला प्रोग्राम पीएलसीत टाकणं, आणि ‘अपलोड’ म्हणजे पीएलसीतला प्रोग्राम कॉम्प्युटरवर घेणं. इंटरनेटवरून फाइल उतरवायची सवय असलेला माणूस ‘आतला प्रोग्राम फक्त बघायचाय’ म्हणून डाउनलोड दाबतो. मग चालू यंत्र थांबतं, आणि आतला एकमेव खरा प्रोग्राम पुसलाही जाऊ शकतो. मित्सुबिशीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पीएलसीत लिहा’ आणि ‘पीएलसीतून वाचा’ अशा अर्थाचे पर्याय असतात, ते जास्त स्पष्ट आहेत. कोणत्याही अनोळखी यंत्राला लॅपटॉप जोडला की पहिलं काम अपलोड करून बॅकअप ठेवण्याचं.

केबलबद्दल थोडक्यात

इथरनेट १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो अल्टो इथल्या प्रयोगशाळेत जन्माला आलं आणि १९८३ मध्ये त्याचं आयट्रिपलई ८०२.३ हे मानक झालं. कारखान्यांत त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षं आरएस-२३२ आणि आरएस-४८५ या सिरियल जोडण्यांचंच राज्य होतं. तिथे बॉड रेट, पॅरिटी, स्टॉप बिट हे सगळं दोन्ही बाजूंना जुळवावं लागे आणि एका वायरवर एका वेळी एकच जण बोलू शके. इथरनेटमुळे प्रोग्रामिंगचा लॅपटॉप, ऑपरेटरचा एचएमआय (यंत्राजवळचा स्क्रीन) आणि स्काडाचा कॉम्प्युटर हे तिघंही एकाच पीएलसीशी एकाच वेळी बोलू शकतात.

तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर. पूर्वी कॉम्प्युटर थेट पीएलसीला जोडायचा तर क्रॉस केबल लागत असे. आताच्या बहुतेक पोर्टना सरळ आणि क्रॉस यातला फरक स्वतःच कळतो. कारखान्यात केबलचं सर्वांत जास्त नुकसान करते ती शेजारची मोटारीची वायर, विशेषतः ड्राइव्हकडून (मोटारीचा वेग बदलणाऱ्या उपकरणाकडून) मोटारीकडे जाणारी. तिच्यासोबत एकाच ट्रेमध्ये इथरनेटची केबल टाकली की मोटार सुरू झाल्यावर संपर्क तुटतो आणि मोटार बंद झाली की आपोआप जुळतो. असं दिसलं तर सॉफ्टवेअरमध्ये डोकं घालू नका. शील्ड असलेली केबल घ्या, ती वेगळ्या ट्रेमधून न्या, आणि मोटारीच्या वायरला ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

आणखी एक लपून बसणारी अडचण म्हणजे जुन्या पीएलसीचा पोर्ट ‘१०० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स’ असा ठोकून ठेवलेला असतो आणि समोरचा स्विच ‘ऑटो’वर. अशा वेळी स्विच हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेने बोलणं) धरून बसतो. पिंग येतो, थोडी माहितीही येते, पण वाहतूक वाढली की पाकिटं (माहितीचे तुकडे) गळायला लागतात. दोन्ही बाजू ऑटोवर, नाहीतर दोन्ही बाजू ठोकलेल्या. अर्धं-अर्धं चालत नाही.

पत्ता

समजा पीएलसीचा आयपी १९२.१६८.०.१० आहे आणि सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. मास्क सांगतो की पहिले तीन आकडे नेटवर्कचे आणि शेवटचा त्या उपकरणाचा. म्हणून लॅपटॉपच्या इथरनेट कार्डाला १९२.१६८.०.५० असा पत्ता हाताने द्यायचा, मास्क तोच. पहिले तीन आकडे सारखे हवेत, शेवटचा वेगळा हवा. मध्ये राउटर नसेल तर गेटवेची जागा रिकामी राहिली तरी चालतं. लॅपटॉप ‘पत्ता आपोआप घ्या’वर ठेवला आणि समोर पत्ता वाटणारा सर्व्हर नसला तर विंडोज स्वतःला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता देतं. तो दिसला की समजायचं, हाताने पत्ता द्यायचा राहिलाय.

नव्या कोऱ्या पीएलसीला पत्ता कसा द्यायचा हे कंपनीवर अवलंबून आहे. सीमेन्सच्या नव्या सीपीयूला (पीएलसीच्या मुख्य भागाला) पत्ता नसला तरी टीआयए पोर्टल हे सीमेन्सचं सॉफ्टवेअर त्याला मॅक पत्त्यावरून (कारखान्यातच उपकरणाला मिळालेल्या क्रमांकावरून) शोधून काढतं, कारण प्रोफिनेट या त्यांच्या प्रोटोकॉलची शोधयंत्रणा आयपीच्या खालच्या थरावर चालते. रॉकवेलची बरीच मॉड्यूल चालू झाल्यावर स्वतःच पत्ता मागत राहतात आणि एक छोटं बूटपी-डीएचसीपी सॉफ्टवेअर वापरून त्यांना तो द्यावा लागतो. इतर काही कंपन्या कारखान्यातूनच एक ठरावीक पत्ता घालून देतात. तो मॅन्युअलमध्ये असतो.

पिंगवर विसंबण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे वाय-फाय. ऑफिसचं वाय-फायही १९२.१६८.० याच मालिकेत असलं तर लॅपटॉपला एकाच नेटवर्ककडे जाणारे दोन रस्ते दिसतात आणि पाकीट वाय-फायवरून निघून जाऊ शकतं. पीएलसीचं काम करताना वाय-फाय बंद ठेवलेलं बरं. दुसरी म्हणजे एकच पत्ता दोन उपकरणांना असणं. पिंग येतो, म्हणजे त्या पत्त्यावर कोणीतरी आहे एवढंच कळतं. ते आपलंच आहे का, हे कळत नाही. पिंग चालू ठेवून पीएलसीची केबल काढा. उत्तरं येतच राहिली तर ती दुसरं कुणीतरी देतंय. ते कोण, हे ‘एआरपी’ कमांडच्या यादीतल्या मॅक पत्त्यावरून कळतं. पीएलसीवर चिकटवलेल्या लेबलवरच्या मॅकशी तो ताडून पाहायचा.

पिंगला सीपीयू ‘स्टॉप’मध्ये असतानाही उत्तर मिळतं, हेही विसरू नये. प्रोग्राम चालू आहे का आणि माहिती मिळेल का, याच्याशी पिंगचा काहीही संबंध नाही.

एकच केबल, अनेक प्रोटोकॉल

पत्त्यावर पोहोचल्यावर प्रश्न येतो पोर्ट नंबरचा आणि प्रोटोकॉलचा. इथे पोर्ट म्हणजे केबल लावायची जागा नव्हे, त्या पत्त्यावरच्या एका सेवेचा क्रमांक. मॉडबस टीसीपी ५०२ वर ऐकतो. सीमेन्सचा एस-७ प्रोटोकॉल १०२ वर. रॉकवेलचे कंट्रोलर इथरनेट/आयपी वापरतात आणि त्याचा टीसीपी पोर्ट ४४८१८. या नावातल्या आयपीचा अर्थ ‘इंडस्ट्रियल प्रोटोकॉल’ असा आहे, तेव्हा आयपी पत्त्याशी त्याची गल्लत करू नये. ओमरॉनचा फिन्स ९६०० वर, ओपीसी यूए ४८४० वर. मित्सुबिशीमध्ये पोर्ट बहुतेक वेळा आपणच पॅरामीटरमध्ये ठरवायचा असतो. केबलच्या दोन्ही टोकांना आरजे-४५ (इथरनेटचा प्लग) आहे म्हणून दोन उपकरणं एकमेकांशी बोलतीलच असं नाही, ते यामुळे.

पोर्ट उघडायचा प्रयत्न फसला तर तो कसा फसला हे बारकाईने पाहावं. ‘कनेक्शन नाकारलं’ असं उत्तर तत्काळ आलं तर पाकीट उपकरणापर्यंत पोहोचलंय, पण त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही: सेवा चालू केलेली नाही किंवा पोर्ट नंबर चुकलाय. बराच वेळ वाट पाहून टाइमआउट झाला तर वाटेत कुणीतरी पाकीट गिळतंय, बहुधा फायरवॉल. विंडोजच्या पॉवरशेलमधली टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड आयपी आणि पोर्ट दिला की जोडणी होते की नाही ते सांगते.

आता प्रत्यक्ष संभाषण बघू. त्यासाठी मॉडबस सर्वांत सोयीचा. मोडिकॉनने तो १९७९ मध्ये सिरियल वायरसाठी काढला, पुढे तो टीसीपीवर चढवला गेला, आणि आजही ड्राइव्ह, एनर्जी मीटर, तापमान कंट्रोलर यांपैकी असंख्य उपकरणांना तो समजतो. कॉम्प्युटरने दोन रजिस्टर (पीएलसीतले आकडे ठेवायचे कप्पे) मागितली तर वायरवरून हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाने लिहिलेल्या आकड्यांत, एवढंच जातं:

०० ०१ ०० ०० ०० ०६ ०१ ०३ ०० ०९ ०० ०२

बारा बाइट. पहिले दोन हा या मागणीचा क्रमांक. उत्तरात तोच परत येतो, म्हणजे कोणतं उत्तर कोणत्या मागणीचं हे कळतं. पुढची दोन शून्यं म्हणजे हा मॉडबस आहे. ०० ०६ म्हणजे यापुढे सहा बाइट आहेत. ०१ हा युनिट क्रमांक. मध्ये गेटवे असला आणि त्यामागे अनेक सिरियल उपकरणं असली तर त्यातलं कोणतं, हे यावरून ठरतं. ०३ हे फंक्शन, होल्डिंग रजिस्टर वाचा. ०० ०९ पासून सुरू करून ०० ०२, म्हणजे दोन रजिस्टर द्या. पीएलसी उत्तर देतो:

०० ०१ ०० ०० ०० ०७ ०१ ०३ ०४ ४२ ४८ ०० ००

०३ पर्यंतचा भाग ओळखीचा आहे. ०४ म्हणजे पुढे चार बाइट माहिती, आणि ती माहिती म्हणजे ४२ ४८ ०० ००. पीएलसीला मागणी मान्य नसेल तर तो असं काहीतरी पाठवतो:

०० ०१ ०० ०० ०० ०३ ०१ ८३ ०२

०३ चं ८३ झालं म्हणजे नकार, आणि शेवटचा ०२ म्हणजे ‘हा पत्ता माझ्याकडे नाही’. तिथे ०१ असता तर ‘हे फंक्शन मला येत नाही’, ०३ असता तर ‘मागणीतला आकडा ग्राह्य नाही’. गेटवेच्या मागचं उपकरणच गप्प असेल तर गेटवे ११ क्रमांकाचा (हेक्समध्ये ०बी) नकार देतो. हे सगळं वायरशार्क या नेटवर्कवरची पाकिटं पाहायच्या सॉफ्टवेअरमध्ये जसंच्या तसं, फोड करून दिसतं. ज्याला हे काम मनापासून शिकायचंय त्याने एकदा तरी वायरशार्क लावून ही बारा बाइट स्वतः पाहावीत. सॉफ्टवेअर ‘कम्युनिकेशन एरर’ एवढंच सांगून मोकळं होतं. वायरवर नकाराचं कारण स्पष्ट लिहिलेलं असतं.

सिरियल उपकरण इथरनेटवर आणायला कन्व्हर्टर वापरत असाल तर त्याची एक सेटिंग नीट वाचा. काही कन्व्हर्टर सिरियलवरची बाइट जशीच्या तशी टीसीपीत कोंबतात, तर काही खरोखर मॉडबस आरटीयूचं (सिरियलवरच्या मॉडबसचं) मॉडबस टीसीपीत रूपांतर करतात. आरटीयूला वरचं सहा बाइटांचं डोकं नसतं आणि शेवटी तपासणीचे दोन बाइट असतात. एका बाजूला एक प्रकार, दुसऱ्या बाजूला दुसरा असं झालं की कनेक्शन झालेलं दिसतं आणि उत्तर मात्र कधीच येत नाही.

आकडा आला, पण कसला?

वरच्या मागणीत आपण ०९ हा पत्ता पाठवला. पण उपकरणाच्या मॅन्युअलमध्ये त्याच रजिस्टरचं नाव ४००१० असं लिहिलेलं असतं. सुरुवातीचा ४ म्हणजे होल्डिंग रजिस्टर, आणि मोजणी १ पासून. वायरवर मात्र मोजणी ० पासून. काही सॉफ्टवेअरमध्ये ४००१० भरायचं असतं, काहींमध्ये १०, काहींमध्ये ९. एकाने चुकलात तर एरर येणार नाही, शेजारच्या रजिस्टरमधला आकडा येईल. शेजारी दुसऱ्या टाकीचं तापमान असेल तर तो आकडा अगदी खराखुरा वाटेल. चुकीचा आकडा विश्वसनीय वाटणं, ही या कामातली सर्वांत वाईट शक्यता आहे.

पुढचा गुंता बाइटांच्या क्रमाचा. मॉडबसचं एक रजिस्टर १६ बिटांचं असतं. दशांश आकडा, ज्याला पीएलसीत रिअल किंवा फ्लोट म्हणतात, ३२ बिटांचा, म्हणून त्याला दोन रजिस्टर लागतात. एका रजिस्टरमधल्या दोन बाइटांपैकी मोठं आधी पाठवायचं, हे मॉडबसने ठरवून दिलंय. दोन रजिस्टरांपैकी कोणतं आधी, हे त्याने ठरवलेलं नाही. प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं. ०५/०४ ही तारीख कुणी पाच एप्रिल वाचतो तर कुणी चार मे, तसंच हे. दोघांचंही वाचन नियमात बसतं आणि निकाल वेगळा येतो.

आपल्या उत्तरातली चार बाइट घ्या: ४२ ४८ ०० ००. ती या क्रमाने फ्लोट म्हणून वाचली तर बरोबर ५०.० येतात. दोन रजिस्टरांची अदलाबदल करून ०० ०० ४२ ४८ असं वाचलं तर इतका सूक्ष्म आकडा येतो की स्क्रीनवर ०.० दिसतो. प्रत्येक रजिस्टरमधली बाइट उलटली तर १,९८,६५६ येतो. आणि फ्लोट न धरता फक्त पहिलं रजिस्टर पूर्णांक म्हणून वाचलं तर येतो १६,९६८, लेखाच्या सुरुवातीला दिसलेला तोच आकडा. चारही वेळा वायरवरून आलेली बाइट तंतोतंत तीच होती.

हे ओळखायची माझी आवडती पद्धत अगदी साधी आहे. पीएलसीतल्या एखाद्या रिकाम्या ३२ बिटी पूर्णांकात १ ठेवायचा आणि कॉम्प्युटरवर काय दिसतं ते पाहायचं. १ दिसला तर सगळं ठीक. ६५,५३६ दिसला तर रजिस्टरांचा क्रम उलटा आहे. एका १६ बिटी रजिस्टरमध्ये ठेवलेला १ तिकडे २५६ दिसला तर बाइट उलटी आहेत. मॅन्युअल आणि सॉफ्टवेअर या दोघांच्या शब्दांवर विसंबण्यापेक्षा हे लवकर उरकतं.

चिन्हाचंही पाहावं लागतं. शीतगृहाचं तापमान ६५,५३१ दिसलं तर ते खरं उणे ५ आहे; रजिस्टर ‘साइन्ड’ (उणे आकडेही धरणारं) समजायला हवं होतं. मग स्केलिंग. अनेक उपकरणं २५.३ अंश हे २५३ म्हणून पाठवतात आणि दहाने भागायचं काम आपल्यावर सोडतात. सीमेन्सच्या अ‍ॅनालॉग कार्डाकडून ४ ते २० मिलिअँपचा सिग्नल ० ते २७,६४८ असा मिळतो. सेन्सरची रेंज ० ते १०० अंश असेल तर १३,८२४ म्हणजे ५० अंश. हे रूपांतर पीएलसीत करायचं की कॉम्प्युटरमध्ये, हे एकदाच ठरवून लिहून ठेवावं. माझा कौल पीएलसीच्या बाजूने आहे. तिथे एकदा केलं की एचएमआय, स्काडा, रिपोर्ट सगळीकडे तोच आकडा जातो. तीन ठिकाणी तीन सूत्रं असली की पुढेमागे एक जण सेन्सर बदलतो आणि दोनच ठिकाणी दुरुस्ती होते.

कंपन्यांच्या आपापल्या खोडी असतात, त्यांतल्या नेहमी आडव्या येणाऱ्या दोन-तीन सांगतो. सीमेन्स एस-७-१२०० किंवा १५०० मधून बाहेरच्या लायब्ररीने पत्त्यावरून माहिती वाचायची असेल तर सीपीयूच्या सेटिंगमध्ये ‘पुट/गेट’ची परवानगी द्यावी लागते आणि त्या डेटा ब्लॉकचा (माहिती ठेवायच्या कप्प्याचा) ‘ऑप्टिमाइज्ड’ पर्याय काढावा लागतो. नाहीतर ब्लॉकमधल्या गोष्टींना ठरावीक पत्ता राहत नाही. रॅक ०, स्लॉट १ भरायचा. जुन्या एस-७-३०० ला स्लॉट २. मित्सुबिशीच्या एफएक्स मालिकेत एक्स (इनपुट) आणि वाय (आउटपुट) यांची मोजणी आठाच्या पटीत चालते, म्हणजे एक्स-७ नंतर थेट एक्स-१०. क्यू मालिकेत तीच सोळाच्या पटीत. त्यामुळे ‘एक्स-१०’ हे नाव एका मालिकेत नवव्या इनपुटचं असतं आणि दुसऱ्या मालिकेत सतराव्याचं. रॉकवेलच्या कंट्रोललॉजिक्समध्ये टॅग (पीएलसीतल्या माहितीच्या नोंदी) नावाने वाचले जातात, त्यामुळे पत्त्यांची ही भानगडच उरत नाही.

किती वेळा विचारायचं?

कॉम्प्युटर विचारतो, पीएलसी उत्तर देतो, पुन्हा विचारतो. याला पोलिंग म्हणतात. टाकीचं तापमान सेकंदाला एकदा वाचलं तरी भरपूर झालं. दर १० मिलिसेकंदांनी विचारलं म्हणून ते जास्त खरं होत नाही, उलट पीएलसीवरचा भार वाढतो. पन्नास रजिस्टर हवी असतील तर पन्नास मागण्या करू नयेत. मॉडबसच्या एका मागणीत १२५ रजिस्टरपर्यंत वाचता येतात, म्हणून पीएलसीत हवी ती सगळी माहिती सलग रजिस्टरांत कॉपी करून ठेवावी आणि एकदम उचलावी. कनेक्शनही एकदा उघडून चालू ठेवावं. पीएलसीला एका वेळी मोजकीच कनेक्शनं झेपतात. दर वेळी नवं उघडणारा आणि नीट बंद न करणारा प्रोग्राम काही तासांत सगळ्या जागा अडवून बसतो आणि मग एचएमआयलाही आत शिरता येत नाही.

सलग ठेवण्याचा दुसरा फायदा जास्त महत्त्वाचा आहे. एका ३२ बिटी काउंटरची दोन अर्धुकं दोन वेगळ्या मागण्यांत वाचली आणि मधल्या काळात काउंटर ६५,५३५ वरून ६५,५३६ वर गेला, तर जुनं अर्धं आणि नवं अर्धं मिळून भलताच आकडा तयार होतो. रिपोर्टमध्ये महिन्यातून एखाददाच दिसणारी, कुणालाच न सापडणारी उसळी अशी येते.

विंडोजचा कॉम्प्युटर कधी अपडेट घेईल, कधी अडकेल, सांगता येत नाही. म्हणून यंत्राचं नियंत्रण त्याच्या उत्तरावर कधीही टांगू नये. इमर्जन्सी स्टॉप, गार्डचे स्विच ही सुरक्षा स्वतंत्र वायरिंगमध्ये किंवा सेफ्टी कंट्रोलरमध्येच हवी.

वाचणं वेगळं, लिहिणं वेगळं

वाचताना चूक झाली तर रिपोर्ट चुकतो. लिहिताना झाली तर यंत्र हलतं. स्काडावरच्या ‘स्टार्ट’ बटणाचं उदाहरण घ्या. बटण दाबलं की कॉम्प्युटर एका बिटात १ लिहितो, सोडलं की ० लिहितो. या दोन्हींच्या मधोमध केबल निघाली तर? १ तसाच राहतो आणि पीएलसीच्या लेखी बटण अजून दाबलेलं आहे. मोटार थांबवली तरी ती पुन्हा सुरू होऊ पाहील. म्हणून कॉम्प्युटरने फक्त १ लिहायचा आणि तो वाचताक्षणी पीएलसीने स्वतः पुसायचा, हीच रीत सुरक्षित.

सेटपॉइंट (यंत्राने गाठायचा आकडा) लिहितानाही मर्यादा पीएलसीत तपासली गेली पाहिजे. स्क्रीनवर ‘० ते ८० मध्येच भरा’ असं बंधन घातलं तरी त्या रजिस्टरमध्ये लिहू शकणारी ती एकच स्क्रीन नसते. पाच-सहा आकड्यांची पूर्ण रेसिपी (एका कामासाठी यंत्राला लागणारा आकड्यांचा संच) पाठवायची असेल तर आधी सगळे आकडे लिहायचे, शेवटी एक क्रमांक बदलायचा, आणि तो बदललेला दिसल्यावरच पीएलसीने पूर्ण संच तपासून उचलायचा. नाहीतर अर्धी नवी, अर्धी जुनी रेसिपी घेऊन यंत्र कामाला लागेल.

संपर्क तुटलाय हे दोन्ही बाजूंना कळायला हवं. कॉम्प्युटरने दर सेकंदाला एका रजिस्टरमधला आकडा एकाने वाढवायचा. पाच सेकंदांत तो हलला नाही तर पीएलसीने कॉम्प्युटर गेला असं समजून ठरलेल्या सुरक्षित स्थितीत जायचं. उलट दिशेनेही तसंच. हार्टबीट म्हणतात त्याला. लिहायला दहा मिनिटं लागतात, आणि ते नसेल तर गोठलेल्या स्क्रीनवरचं जुनं तापमान बघून ऑपरेटर निर्णय घेत राहतो.

ओपीसी यूए हा प्रोटोकॉल मला आवडतो तो याच कारणासाठी. १९९६ चा मूळ ओपीसी मायक्रोसॉफ्टच्या डीकॉम या विंडोजमधल्या तंत्रावर उभा होता आणि दोन कॉम्प्युटरांमध्ये चालवताना परवानग्यांचा घोळ निस्तरताना जीव मेटाकुटीला येई. यूए विंडोजवर अवलंबून नाही. प्रत्येक आकड्यासोबत तो कधीचा आहे आणि भरवशाचा आहे का, हेही पाठवतो. सेन्सर तुटला तर आकड्याला ‘बॅड’ असा शेरा लागू शकतो. टॅगचं नाव, प्रकार, बाइटांचा क्रम हे सगळं प्रोटोकॉलच सांभाळतो. नवा पीएलसी घेताय आणि त्यात ओपीसी यूए सर्व्हर असेल तर माहिती वाचण्यासाठी तोच वापरा. फक्त कॉम्प्युटर आणि पीएलसी यांनी एकमेकांची सर्टिफिकेटं मान्य करण्याची पायरी असते, ती ‘सिक्युरिटी नको’ निवडून टाळू नका.

दार कुणाला उघडं?

मूळ मॉडबसमध्ये पासवर्ड नाही. ५०२ वर पोहोचलेला कोणीही वाचू शकतो आणि लिहूही शकतो. १९७९ मध्ये वायर सहसा कारखान्याबाहेर जात नव्हती, तेव्हा ते खपून गेलं. आज पीएलसीला जोडलेल्या कॉम्प्युटरला बहुधा ऑफिसचं नेटवर्क आणि इंटरनेटही जोडलेलं असतं, आणि पीएलसीपर्यंत जाणारी खरी वाट तोच कॉम्प्युटर असतो. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या व्हायरसने हेच केलं: विंडोज कॉम्प्युटरवरच्या सीमेन्स स्टेप-७ सॉफ्टवेअरच्या आडून तो पीएलसीच्या प्रोग्रामपर्यंत पोहोचला, आणि पडद्यावर सगळं सुरळीत दिसत राहिलं.

म्हणून यंत्रांचं नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवा आणि मध्ये फायरवॉल असू द्या. माहिती गोळा करणाऱ्या कॉम्प्युटरला दोन नेटवर्क कार्डं असतील तर ती ब्रिज करू नका, म्हणजे आतून एकमेकांना जोडू नका. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून पीएलसी इंटरनेटवर तर अजिबात उघडू नका. बाहेरून काम करायचंच असेल तर व्हीपीएनमधून, आणि काम संपल्यावर ते बंद. फक्त वाचायचं असेल तर लिहिण्याची परवानगी पीएलसीच्या किंवा गेटवेच्या सेटिंगमध्येच काढून टाका.

आणि पीएलसीवर मोड बदलणारी चावी असेल तर तिच्याकडे लक्ष द्या. २०१७ मध्ये सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल प्रकल्पात सुरक्षेच्या कंट्रोलरवर ट्रायटन नावाचा हल्ला झाला, तेव्हा ती चावी ‘प्रोग्राम’वर राहिलेली होती. काम झाल्यावर चावी ‘रन’वर फिरवून काढून घ्यायची. बहुतेक कंट्रोलर मग नेटवर्कवरून प्रोग्राम बदलू देत नाहीत. रजिस्टरमध्ये आकडे लिहिणं मात्र तरीही चालू राहू शकतं, त्याचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो.